खालच्या रानातला पक्षी उंचावर दिसला, तर नोंद कशी करावी

२०२४ मध्ये उत्तराखंडच्या बागेश्वर जिल्ह्यात सुमारे ६,५०० फुटांवर, म्हणजे जवळपास १,९८० मीटरवर, मोर दिसल्याच्या बातम्या आल्या. मोर एरवी मैदानातला, पायथ्याच्या रानातला आणि शेतशिवारातला. अशा नोंदीचा सगळा जीव उंचीच्या आकड्यात असतो आणि लोक नेमका तोच अंदाजपंचे लिहितात.

१. उजाडण्याच्या अर्धा तास आधी जागेवर असा. मोर उंच झाडावर रात्र काढतो आणि उतरण्याआधी ओरडतो.

२. ओळख पक्की करा. पावसाळ्यानंतर पिसारा गळालेला असतो, त्यामुळे नर पटकन लक्षात येत नाही. झुडपातून पळालेली कलिजची (हिमालयातला कोंबडीच्या कुळातला पक्षी) मादी घाईत लांडोर वाटू शकते. आणि नुसतं मोरपीस हा पुरावा नव्हे. ते देवघरासाठी माणसंच वर नेतात.

३. उंची. इथे घाई करू नका.

फोनच्या जीपीएसचा उंचीचा आकडा जागेच्या आकड्यापेक्षा कच्चा असतो. शिवाय काही अ‍ॅप समुद्रसपाटीपासूनची उंची देतच नाहीत, पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची देतात. भारतात ती कमी भरते. मुंबईच्या चौपाटीवर असं अ‍ॅप उणे साठच्या आसपास दाखवतं. तुमचं अ‍ॅप तसं करतं का, हे निघण्याआधीच तपासा.

हवेच्या दाबावरून उंची सांगणारं घड्याळ बरं, पण ते रोज जुळवावं लागतं. दोन हजार मीटरवर हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळ दहा मीटर जास्त दाखवतं. ढग भरून आले की पन्नास मीटर सहज इकडेतिकडे होतात. जुळवायला रेल्वे स्थानकाची पिवळी पाटी उत्तम, तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पुढे डोंगरात नकाशावर उंची दिलेल्या खिंडीत किंवा माथ्यावर पुन्हा जुळवा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे स्वतःची उंची पक्ष्याच्या नावावर लिहिणं. मोर समोरच्या उतारावर असेल, तर ते झाड नकाशावर शोधा आणि तिथल्या समोच्च रेषेवरून उंची काढा. आकड्यापुढे ‘±३० मी.’ असं लिहायला लाजू नका. तो आकडा कशावरून काढला, तेही लिहा.

४. बसलेला, चरणारा की उडत गेलेला, हे वेगळं नोंदवा. घार वाऱ्यावर कुठेही चढते. ते तिचं वस्तीस्थान होत नाही.

५. फोटो किंवा आवाजाच्या रेकॉर्डिंगसह ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तारीख हवीच, कारण हिमालयात अनेक पक्षी उन्हाळ्यात वर सरकतात. जानेवारीत त्याच जागी पुन्हा जा. लांडोरीमागे पिल्लं दिसली, तर त्यांची संख्या आणि अंदाजे आकार न चुकता लिहा.