दगडाखालची गोम: हुडकायची कशी, मोजायची कशी, वहीत लिहायची कशी

गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही, ही म्हण आपण एरवी पैशावाल्याला दोन-पाच हजाराचा फटका बसला की वापरतो, पण गोमींची नोंद करायला बसलात की हीच म्हण आडवी येते. गोम खरंच पाय टाकून पळते, धरलेला पाय चिमट्यातच राहतो, आणि पुढं कात टाकताना तो परत फुटतो. माझ्या पहिल्या वहीत एका गोमीपुढं ‘पाय ४१’ असं ठसठशीत लिहिलंय, म्हणजे साडेवीस जोड्या! तेव्हा आधीच सांगतो, नाव ओळखायची घाई नको, नोंद नीट करा, नाव नंतर कुणीही देईल.

गोमी हुडकायच्या त्या मराठवाड्यातच का, तर आपण बसलोय तो सगळा काळा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेला लाव्हा. समुद्रातल्या ज्वालामुखीच्या बेटांवर गोमींच्या भारी गोष्टी सापडल्यात, मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड आणि सर्पंट आयलंड ह्या चिमुकल्या बेटांवर स्कोलोपेंड्रा अ‍ॅबनॉर्मिस नावाची गोम आहे जी जगात दुसरीकडं कुठं नाही, आणि ऑस्ट्रेलियाकडच्या नॉरफॉक बेटाशेजारच्या फिलिप आयलंडवर तर गोम समुद्रपक्ष्यांची पिल्लं मारून खाते, २०२१ ला त्याचा अभ्यास छापून आला. आपल्याकडं समुद्र नाही, पण बालाघाटाचा एखादा माळ बघा, चहूबाजूंनी सोयाबीन नाहीतर कापूस आणि मधे नांगर न लागलेला दगडगोट्यांचा तुकडा. गोमीच्या हिशोबानं ते बेटच झालं की.

कधी जायचं

मृगाचे दोन-तीन पाऊस पडून गेले की. गोमीच्या अंगावर किड्यांसारखं मेणाचं पक्कं आवरण नसतं, ओल गेली की ती सुकते, म्हणून उन्हाळ्यात ती भेगांत, खडकाच्या फटीत खोल गेलेली असते आणि तुम्ही एप्रिलात शंभर दगड उलटले तरी हातात घाम सोडून काही येत नाही. जून ते सप्टेंबर सोन्याचे दिवस. सकाळी लवकर दगडाखाली बघा आणि अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन उघड्यावर बघा, कारण शिकारीला ती रात्रीच निघते.

जागा निवडताना रानमालकाला विचारल्याशिवाय बांधाला हात लावू नका. बांधाचे दगड म्हणजे भावकीतले खटले, हे मी सांगायला नको. अभयारण्यात, म्हणजे गौताळा असो, येडशीचं रामलिंग असो की नायगावचं मोरांचं, वनखात्याची लेखी परवानगी लागते, नुसती गार्डची ओळख चालत नाही. मी सुरुवात केली ती एका ओळखीच्या आबांच्या बांधावर. ते म्हशीमागं उभे राहून अर्धा तास बघत होते, मग म्हणाले, ‘काय हुडकायलाव ओ सर, सोनं हाय का?’ गोम म्हटल्यावर पुढचा अर्धा तास ते हसतच होते.

सोबत काय

जाड हातमोजे, पायात बूट (चप्पल नाही म्हणजे नाही), एक खुरपं, बोथट टोकाचा लांब चिमटा, पारदर्शक झाकणाचे चार-पाच डबे, स्पंजचा तुकडा, प्लॅस्टिकची पट्टी, बॅटरी, वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसात शाई पसरते. घरातली सांडशी नेऊ नका, मी नेलती, गोमही चेंगरली आणि घरीही ऐकून घ्यावं लागलं.

दगड उलटायची रीत

ह्यात घाई करू नका. दगडाची तुमच्यापासून लांबची कड खुरप्यानं उचलायची आणि दगड आपल्याकडं झुकवायचा, म्हणजे खाली फुरसं किंवा विंचू असला तर त्याला पलीकडं पळायला वाट राहते आणि मधे दगडाची ढाल. बोटं दगडाखाली घालायचीच नाहीत. आपल्या भागात लाल विंचू भरपूर, आणि त्याचा डंख गोमीच्या चाव्यापेक्षा कितीतरी वाईट.

दगड उचलला की पहिले दोन सेकंद हलू नका, नुसतं बघा, कारण गोम एकतर तेवढ्यात पळते नाहीतर तेवढाच वेळ थिजून बसते. बघून झालं की दगड होता तस्साच, त्याच खळग्यात, त्याच बाजूनं परत ठेवायचा. हे सगळ्यात जास्त लोक विसरतात. उलटा पडलेला दगड म्हणजे खालची ओल गेली, पुढच्या वर्षी तिथं कुणी राहणार नाही.

आणि एखादी गोम वेटोळं करून पिवळसर अंड्यांच्या किंवा पांढऱ्या पिल्लांच्या गठ्ठ्याभोवती बसलेली दिसली तर एक फोटो काढा आणि दगड हळूच खाली ठेवा. आई आठवडेच्या आठवडे अशी बसते, अंडी चाटून बुरशीपासून जपते, जास्त डिवचली तर स्वतःच अंडी खाऊन टाकते. मला हे एकदाच दिसलं, जुलैमधे, ताटाएवढ्या चपट्या दगडाखाली, आणि तिनं पळायचं सोडून अंग आणखी आवळून घेतलं होतं. तिचे पाय मी मोजले नाहीत.

पालापाचोळ्यातल्या बारीक जातींसाठी वाळूची चाळणी चालते, घमेल्यावर धरून पाला चाळायचा आणि खाली पडलेलं पांढऱ्या कापडावर पसरून बघायचं. दोऱ्यासारखी पिवळी, आंधळी, मातीतली गोम अशीच सापडते.

आता मोजणी

आधी ती गोमच आहे ना ते बघा. अंगाच्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी असेल तर गोम, दोन-दोन जोड्या दिसल्या आणि हात लावला की नाण्यासारखी गुंडाळी झाली तर तो पैसा किडा.

मग गोम चिमट्यानं हलकेच डब्यात ढकला, वरून स्पंज अलगद ठेवा म्हणजे ती तळाशी चपटी बसते, आणि डबा उलटा करून पोटाकडून फोटो घ्या. पाय मोजताना दोन चुका सगळेच करतात. डोक्याखाली विळ्यासारखी जी जोडी असते ती विषाची नखं, ती पायांत धरायची नाही. आणि शेवटची लांब जोडी जी मिशांसारखी मागं निघालेली असते, ती मात्र धरायची. कितीतरी लोक शेपटाकडूनच डोकं समजून मोजतात!

पाय गळालेले असतील तर पाठीवरच्या पाट्या मोजा, डोकं सोडून. आपल्या बांधावरच्या जाड गोमीला २१ पाट्या म्हणजे २१ जोड्या, मधला पाय असो नसो. माझ्या त्या ४१ वालीची गोष्ट एवढीच होती, एक पाय कुठंतरी टाकून आली होती. न्हाणीघरात भिंतीवर सर्रकन जाणाऱ्या लांब पायांच्या गोमीला ही युक्ती चालत नाही, तिला जोड्या १५ पण पाठीवर मोठ्या पाट्या सात-आठच दिसतात. तिची पिल्लं तर कमी पायांनी जन्मतात आणि कात टाकत टाकत पाय वाढवतात. मातीतल्या दोरा-गोमींना २७ पासून १९१ पर्यंत जोड्या असू शकतात. एक गंमत लक्षात ठेवा, मोठ्या झालेल्या गोमीच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात, तुमचा आकडा २० किंवा २२ आला तर परत मोजा.

रंगावर अजिबात जाऊ नका. स्कोलोपेंड्रा मॉर्सिटन्स ही आपल्याकडची नेहमीची जात, पण तीच कधी तांबूस, कधी हिरवट, कधी पट्टेवाली. त्यापेक्षा हे फोटो घ्या: डोकं वरून (एका बाजूला चार बारीक डोळे आहेत का नाहीत), मिशीचे सुरवातीचे किती मणी गुळगुळीत आहेत, शेवटच्या पायांच्या मांडीवरचे काटे, आणि कुशीवरची श्वासाची छिद्रं. छिद्र तिकोनी असेल तर स्कोलोपेंड्रा ह्या वंशाकडं (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट), गोल असेल तर रायसिडा, ऑटोस्टिग्मस अशा दुसऱ्या वंशांकडं बोट जातं. एवढे फोटो असले की जाणकार माणूस घरबसल्या सांगतो. नसले तर तोही ‘गोम आहे’ एवढंच म्हणेल.

वहीत काय

तारीख, वेळ, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, लांबी, जोड्या, आणि जागा बारकाईनं. नुसतं ‘बांध’ लिहू नका, दगड काळा कठीण होता का भोकाभोकांचा, खाली मुरूम होता का काळी माती, ओल किती. लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्याला पाणी पाझरतं, तसली जागा असेल तर आवर्जून लिहा. आणि किती दगड उलटले, किती वेळ लागला, हे लिहाच. ५० दगड उलटून गोम शून्य, ही पण नोंदच आहे, उलट पुढच्या वर्षी तुलना करायला तीच कामाला येते. फोटो आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, खात्री नसेल तर नुसती वंशाच्या नावावर सोडा.

चावली तर साबणानं धुवा, कपड्यात बर्फ गुंडाळून लावा, काही तास ठणकतं, सूज येते. पण काय चावलं ते दिसलं नसेल आणि दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं सुरू झालं तर विंचू समजून थेट दवाखाना गाठा, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका.

आबा आता स्वतः फोन करतात. परवा रात्री साडेनऊला आला. ‘सर, गोठ्यात एक घावली, मोजायलो होतो, १९ पर्यंत आलतो अन् कडब्यात घुसली की ओ.’ मी वहीत लिहिलं: गोठा, कडब्याजवळ, रात्री ९.३०, जोड्या १९ च्या पुढं, फोटो नाही.