लेहच्या थंडीत जनरेटर चालवताय? या चुका टाळा

जानेवारीतली सकाळ, पारा उणे वीसच्या आसपास. जनरेटर पहिल्या सेल्फला सुरू होतो, चार मिनिटं छान चालतो, मग आवाज बसत जातो आणि गप्प. लगेच बॅटरीकडे बोट! पण सेल्फ मारल्यावर इंजिन जोरात फिरतंय ना? मग बॅटरी बिचारी निर्दोष आहे, डिझेल पोचत नाहीये. पाइपात होतं तेवढ्यावर इंजिन चाललं. फिल्टर खोला, आत थिजलेल्या तुपासारखा पांढरट थर दिसेल. ते डिझेलमधलं मेण. पुण्या-नाशिकला हे बघायची वेळच येत नाही.

नुसता नवा फिल्टर लावू नका. टाकीत तेच डिझेल असेल तर तोही चोक होईल. टाकीखाली स्टोव्ह पेटवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यापेक्षा फिल्टर आणि पाइपावर गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळा, मग डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा (एअर) काढा. मेण धरू न देणारं औषध डिझेल पातळ असतानाच घालायचं. थिजल्यावर ओतून उपयोग नाही. रॉकेल मिसळलं तर पंपाचं वंगण कमी होतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. पण टाकीत उन्हाळ्यातलं अर्धं शिल्लक ठेवून वरून हे भरलं, तर पैसे फुकट.

बॅटरी उतरलेली ठेवू नका. पूर्ण चार्ज असेल तर ॲसिड उणे पन्नासलाही गोठत नाही. पार उतरलेलीतलं उणे दहाच्या आधीच गोठतं. फुगलेल्या, गोठलेल्या बॅटरीला चार्जर किंवा जंपर लावू नका, फुटू शकते.

कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, पाणी नकोच, असंही नाही. त्यात गोठू नये म्हणून घालतात ते ग्लायकॉल निव्वळ असेल तर उणे १३ लाच गोठतं. पाणी आणि ग्लायकॉलचं निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३५ च्या पुढे टिकतं.

आणि ते रोज दहा मिनिटं रिकामा चालवणं! इंजिन तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी ठिबकतं. कमी वेळा चालवा, पण निदान एक तृतीयांश लोड देऊन अर्धा तास तरी. पूर्ण लोडचा हट्टही नको. ३,५०० मीटरवर हवा विरळ, काळा धूर दिसला की लोड उतरवा. गारठा लागतो म्हणून खोलीचं दार मात्र लावून घेऊ नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.