मुलींच्या शर्यतीत विजेतीच्या मुलगी असण्यावरच आक्षेप आला, तर काय करावे

शालेय क्रीडा स्पर्धांच्या हंगामात हा प्रसंग मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा नागपूर जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या मैदानावर उभा राहू शकतो. उंच, रुंद खांद्यांची, केस बारीक कापलेली एखादी मुलगी ८०० मीटरची शर्यत मोठ्या फरकाने जिंकते आणि हरलेल्या संघाचे कोणीतरी पंचांच्या टेबलापाशी येऊन ‘ही मुलगीच आहे का, ते आधी तपासा’ अशी मागणी करते. दहावी-बारावीतील सवलतीचे गुण आणि पुढे शासकीय नोकरीतील ५ टक्के खेळाडू आरक्षण यांकडे जाणारी वाट अशाच स्पर्धांतून सुरू होत असल्यामुळे आवाज लवकर चढतात. क्रीडाशिक्षक, आयोजक आणि पालक यांनी त्या वेळी काय करावे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

सर्वप्रथम आक्षेप लेखी मागावा. त्यावर आक्षेप घेणाऱ्याचे नाव, सही आणि कोणता नियम मोडला गेला आहे, एवढे असावे. ‘दिसायला मुलासारखी आहे’ हा नियमभंग नव्हे. तोंडी आक्षेप घेणारे बहुतेक जण कागद पुढे केला की थांबतात, आणि जो थांबत नाही त्याच्याशी निदान मुद्द्यावर बोलता येते. मुलीची जन्मनोंद आणि शाळेची कागदपत्रे पाहावीत, ती बरोबर असतील तर निकाल जाहीर करावा. तिला कोणत्याही खोलीत नेऊन ‘पाहणे’ सर्वस्वी निषिद्ध आहे, मग पाहणाऱ्या बाई शिक्षिका असोत की डॉक्टर. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत असे कृत्य २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हाही ठरू शकते. ध्वनिक्षेपकावर या विषयाचा उच्चार करू नये. मुलीला आणि तिच्या आईवडिलांना बाजूला बोलावून काय घडले ते सरळ शब्दांत सांगावे, कारण इतरांच्या कुजबुजीतून कळलेली गोष्ट अधिक जखम करते.

आक्षेप वयाबद्दल असेल, तर मात्र तो गांभीर्याने घ्यावा. १४ वर्षांखालील गटात सतरा वर्षांची मुलगी उतरवणे हा माझ्या मते शालेय स्तरावरचा खरा अन्याय आहे आणि त्यासाठी हाडांच्या वाढीची मान्यताप्राप्त तपासणी उपलब्ध आहे.

आक्षेप घेणाऱ्याला उत्तर देताना त्याला मागासलेला ठरवून गप्प करू नये, कारण त्याच्या प्रश्नाच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. पौगंडावस्थेत मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक (हॉर्मोन) अनेक पटींनी वाढते, त्यातून स्नायू, हाडे आणि हिमोग्लोबिन वाढते, आणि अव्वल धावपटूंमध्ये स्त्री-पुरुषांच्या वेळेत साधारण १० ते १२ टक्क्यांचे अंतर पडते. महिलांचा गट वेगळा ठेवला जातो तो याच कारणामुळे. दुसरीकडे, निसर्गाने दिलेले इतर सगळे लाभ खेळ आनंदाने मान्य करतो. फिनलंडचे स्कीपटू एरो मँटिरांटा यांच्या जनुकातील बदलामुळे त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी फार जास्त होत्या. त्यांनी ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके जिंकली आणि ती त्यांच्याकडेच राहिली. मग टेस्टोस्टेरॉनच वेगळे का? कारण उंचीनुसार किंवा तांबड्या पेशींनुसार धावण्याचे गट पाडलेले नाहीत, लिंगानुसार पाडलेले आहेत. रेषा तिथे आखली म्हणूनच वाद रेषेवरच्या मोजक्या स्त्रियांपाशी येतो. हा वाद खरा आहे, पण तो नजरेने सुटत नाही.

नजरेने आणि घाईने काय होते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचे रौप्य जिंकलेल्या तमिळनाडूच्या शांती सौंदराजन यांचे पदक लिंगचाचणीनंतर काढून घेतले गेले आणि त्यांच्या शरीराची चर्चा देशभर झाली. २०१४ मध्ये ओडिशाच्या धावपटू द्युती चंद यांना, टेस्टोस्टेरॉनची पातळी नियमातील मर्यादेपेक्षा जास्त असल्याच्या कारणाने, राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळण्यात आले. त्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेल्या आणि जुलै २०१५ मध्ये, लाभ नेमका किती मिळतो याचा पुरेसा पुरावा नाही, या कारणाने लवादाने तो नियमच स्थगित केला. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या धावपटू कॅस्टर सेमेन्या यांच्या प्रकरणात त्याच लवादाने टेस्टोस्टेरॉन-मर्यादेचा नवा नियम भेदभाव करणारा, तरीही आवश्यक ठरवला. आता १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या क्रमवारी स्पर्धांत महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची (सहसा पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर असणाऱ्या जनुकाची) एकदाच होणारी चाचणी सक्तीची आहे. हे जनुक असूनही काहींच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला मुळीच प्रतिसाद देत नाहीत. अशा स्त्रियांना नियमात सूट आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तपासलेल्या ३,३८७ महिलांपैकी ८ जणींमध्ये हे जनुक आढळले होते आणि त्या सर्वांना खेळू दिले गेले. तालुक्याच्या मैदानावर यातले काहीही लागू करण्याचा अधिकार कोणाला नाही.

मुलगी खरोखर आंतरराष्ट्रीय स्तराकडे निघाली असेल, तर पालकांनी निवड चाचणीच्या बऱ्याच आधी स्वतःहून संप्रेरकतज्ज्ञ डॉक्टरांना भेटावे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे विदर्भातील कितीतरी कुटुंबांना जनुकीय तपासणी आणि तिचा अहवाल घरात जपून ठेवणे नवीन नाही. तोच समंजसपणा इथे हवा. तपासणीपूर्वी मुलीला, तिच्या वयाला समजेल अशा भाषेत, काय तपासणार आणि कोणता निकाल येऊ शकतो हे सांगून तिची संमती घ्यावी.

अहवाल वाचताना एकक आधी पाहावे. धंतोली-रामदासपेठेतील प्रयोगशाळांच्या कागदावर टेस्टोस्टेरॉन बहुधा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये छापलेले असते, तर क्रीडा नियमांतील आकडे नॅनोमोल प्रति लिटरमध्ये असतात, पहिल्याला २८.८ ने भागले की दुसरा मिळतो. ‘४५’ हा आकडा पाहून आणि जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या २०२३ च्या नियमातील २.५ नॅनोमोलची मर्यादा आठवून एखादी आई हादरेल, पण ते मूल्य प्रत्यक्षात सुमारे १.५६ आहे आणि स्त्रियांमध्ये नेहमी आढळणाऱ्या मर्यादेतच बसते. पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा विकार) असलेल्या मुलींमध्ये ते थोडे जास्त असू शकते. स्त्रियांच्या कमी पातळीवर साध्या चाचणीचा आकडा चुकू शकतो, म्हणून शंका आल्यास मास स्पेक्ट्रोमेट्री या अधिक अचूक पद्धतीने पुन्हा तपासावे.

निकाल वेगळा आलाच, तर प्रशिक्षकाच्या किंवा संघटनेच्या सांगण्यावरून कोणतीही गोळी किंवा शस्त्रक्रिया स्वीकारू नये. विकसनशील देशांतील चार तरुण महिला खेळाडूंवर आरोग्यासाठी गरज नसलेल्या शस्त्रक्रिया झाल्याची नोंद फ्रान्समधील डॉक्टरांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि अशा शस्त्रक्रिया परत फिरवता येत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी आणि खेळणे, थांबणे किंवा दाद मागणे यांतील निर्णय मुलीला तिच्या वेळेने घेऊ द्यावा. मूळ अहवाल मुलीकडे आणि पालकांकडेच राहील, प्रशिक्षकाने त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवायचा नाही आणि शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर त्याबद्दल एक अक्षरही लिहायचे नाही, हे तपासणीला जाण्याआधीच सर्वांकडून कबूल करून घ्यावे.