सीबीडी मोजायला घेताय? आधी या चुका टाळा

रात्री दोनला कॅजुअल्टीत पोट धरून पेशंट येतो. डोळे पिवळे, अंगात ताप. रेसिडेंट उजव्या बरगडीखाली सोनोग्राफीचा प्रोब ठेवतो, एक काळी नळी सापडते, कर्सर लावतो. ‘सर, सीबीडी 11 मिलिमीटर!’ सीबीडी म्हणजे यकृताकडून आतड्यात पित्त नेणारी मुख्य पित्तनलिका. मी वाहतं रक्त रंगात दाखवणारा कलर डॉप्लर लावायला सांगतो आणि नळी रंगाने भरून जाते. मोजलेली असते पोर्टल व्हेन, म्हणजे यकृतात रक्त नेणारी शीर.

नळी कोणती हे ठरायच्या आत मोजायला घेणं, ही सगळ्यात जुनी चूक. शिकत असताना मीही ती केलीय. घाई मोजायची नको, वाट शोधायची हवी. आधी पित्ताशय लांबीत पकडा. त्याच्या मानेपासून यकृतातली एक पांढरी रेघ पोर्टल व्हेनकडे जाते. पित्ताशय म्हणजे उद्गारचिन्हाची उभी रेघ आणि पोर्टल व्हेन म्हणजे खालचा ठिपका, असं चित्र दिसलं की बरोबर जागी पोचलात. पोर्टल व्हेनच्या भिंती ठळक पांढऱ्या असतात. तिथे आडवा छेद घेतला की मिकी माउसचं तोंड दिसतं: चेहरा म्हणजे पोर्टल व्हेन, पेशंटच्या उजव्या बाजूचा कान म्हणजे पित्तनलिका, दुसरा कान हेपॅटिक आर्टरी, म्हणजे यकृताची धमनी. चित्र नेहमी इतकं गोंडस येत नाही. वयस्कर माणसात आर्टरी वेडीवाकडी आणि चांगली जाड असू शकते, आणि काहींमध्ये तिचा मार्गच वेगळा असतो.

म्हणून डॉप्लर हवाच, पण तोही फसवतो. स्केल (डॉप्लरची वेगाची मर्यादा) जास्त ठेवलं किंवा प्रवाह प्रोबला काटकोनात असला, तर रक्तवाहिनीतही रंग येत नाही आणि ती पित्तनलिका वाटते. स्केल कमी करा आणि त्याच चौकटीत पोर्टल व्हेन रंगतेय ना, ते आधी पाहा. ती रंगली आणि शेजारची नळी काळीच राहिली, तरच त्या काळेपणाला अर्थ.

मोजताना आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत, चित्र मोठं करून मोजा. भिंती धरून मोजलं तर एखाददुसरा मिलिमीटर फुकट वाढतो, आणि इथे तेवढ्यावरच सगळं ठरतं. साधारण 6 मिलिमीटरपर्यंत ठीक. साठीनंतर दर दशकाला सुमारे 1 मिलिमीटर जास्त धरतात, आणि पित्ताशय काढलेल्या माणसात 10 मिलिमीटरपर्यंतची नळी निर्धोक असू शकते. ऑपरेशन नेमकं कशाचं झालं, हे पेशंटला सांगता येईलच असं नाही. पोटावरचे दुर्बिणीचे व्रण स्वतः बघा.

नळी दिसतच नसेल तर मशिनला दोष देण्याआधी पेशंटला डाव्या कुशीवर वळवा, खोल श्वास घेऊन धरायला सांगा. तरीही बरगड्या आड येत असतील तर छातीच्या हाडाच्या टोकापासून उजवीकडे साधारण 7 सेंटीमीटरवर, दोन बरगड्यांच्या मधून पाहा. आतड्यातला गॅस आड येत असेल तर प्रोबने हळूहळू दाब देत तो बाजूला सारा. गेन (चित्राचा उजळपणा) उगाच वाढवला असेल तर बारीक नळी त्या धुक्यातच बुडते. तो कमी करून बघा. आणि पित्ताशय नॉर्मल, लिव्हरचे रिपोर्टही नॉर्मल असतील तर सीबीडीपायी वीस मिनिटं घालवू नका. बाहेर दुसरा पेशंट ताटकळत असतो.

माझ्या मते खरी धोक्याची चूक मात्र कागदावर होते. दिसली नाही, म्हणून ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. नळीचं खालचं टोक ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) मागे, गॅसच्या आड असतं, आणि पित्ताचा खडा नेमका तिथेच अडकायला बसलेला असतो. तिथल्या खड्याची सावली पडेलच असंही नाही. अडथळा काही तासांपूर्वीचाच असेल तर नळी अजून फुगलेलीही नसते. खडा दिसला तर ती पक्की खबर, न दिसला तर ती खबरच नाही. ‘सीबीडी वरच्या भागात 5 मिलिमीटर, खालचा भाग गॅसमुळे दिसला नाही’ असं लिहिलं की पुढचा डॉक्टर रक्तातलं बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज बघून एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) मागवतो. नुसतं ‘नॉर्मल’ वाचून तो पेशंटला घरी पाठवतो.

दिसलेल्या गोष्टीही नीट वाचा. ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर केलेला उपचार) किंवा स्टेंट (नलिकेत बसवलेली छोटी नळी) झालेल्या माणसात नळ्यांमध्ये हवा असते. ती खड्यासारखी चमकते, पण सावली मळकट पडते आणि कूस बदलली की ती जागा बदलते. सावली नसलेल्या दोन समांतर पांढऱ्या रेघा नळीत दिसल्या तर थोडं थांबून पाहा. रेघ वळवळली तर तो जंत आहे.

ताप, कावीळ आणि उजव्या बाजूचं पोट दुखणं हे पित्तनलिकेतल्या जंतुसंसर्गाचं त्रिकूट डॉक्टर शार्कोने 1877 मध्ये सांगितलं; शॉक आणि भान हरपणं यांची भर डॉक्टर रेनॉल्ड्सने 1959 मध्ये घातली. ही पाचही असलेल्या पेशंटची सीबीडी सापडेना म्हणून प्रोब फिरवत बसू नका. शॉकमध्ये अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं, आणि पित्त मोकळं करणाऱ्यांना फोन त्याच वेळी.

आपल्याकडे यात उशीर आधीच झालेला असतो. कावीळ म्हटली की गावात माळ बांधून उतरवायला नेतात, आठवडा तिथेच जातो. पांढरट शौच, गडद लघवी आणि अंगाला खाज असेल तर काविळीचं कारण बहुधा नळीतला अडथळा असतो. हे तीन प्रश्न प्रोबला जेल लावता लावता विचारून होतात. आणि पेशंट गरोदर असेल तर यकृतच पाहिलं असलं तरी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानविरोधी) कायद्याचा फॉर्म एफ भरायला विसरू नका.