टेक्सासमध्ये थकलेला टोल: देणे की गुन्हा?

डॅलसच्या उत्तरेला, प्लानो-फ्रिस्कोच्या बाजूला नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी एक गोष्ट आवर्जून सांगतो: गाडी घेतली की त्याच आठवड्यात तिच्या काचेवर टोलटॅग लावा. आपल्याकडे फास्टॅगमध्ये पैसे नसतील तर नाक्यावरच गाडी अडते आणि जास्तीचा टोल तिथल्या तिथे वसूल होतो, त्यामुळे टोल नकळत थकण्याचा प्रसंग सहसा येत नाही. येथे डॅलस नॉर्थ टोलवे, प्रेसिडेंट जॉर्ज बुश टर्नपाइक किंवा सॅम रेबर्न टोलवे या रस्त्यांवर पैसे घेणारा नाकाच नाही. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि टॅग नसल्यास चढ्या दराचे बिल गाडीच्या नोंदणीवरील पत्त्यावर टपालाने जाते.

नव्या माणसाची अडचण या पत्त्यापासूनच सुरू होते, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांत घर अनेकदा बदलते आणि नोंदणीवरचा पत्ता जुनाच राहतो. माझ्या परिचयातील एका तरुणाची बिले अशीच जुन्या घरी जात राहिली. मूळ टोल थोडासाच होता, पण विलंबशुल्काने तो कित्येक पटींनी वाढला आणि शेवटी त्याच्या हाती पडले ते न्यायालयाचे समन्स. त्याने एकही बिल जाणूनबुजून टाळलेले नव्हते.

समन्स येते, कारण टेक्सासच्या वाहतूक संहितेनुसार नोटीस पाठवूनही टोल न भरणे हा किरकोळ स्वरूपाचा, परंतु फौजदारी गुन्हा आहे. त्याला तुरुंगवासाची शिक्षा नाही, 250 डॉलरपर्यंत दंड आहे. मात्र तारखेला हजर न राहिल्यास वॉरंट निघू शकते. व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाच्या अर्जांत अटक व गुन्ह्यांविषयी प्रश्न असतात, म्हणून आपल्यासारख्यांना ही बाब दंडाच्या रकमेहून जड वाटते. समन्स आले असेल तर उत्तर देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्या.

हे असेच असले पाहिजे, असे नाही. कॅलिफोर्नियात टोल चुकवण्याबद्दल दिवाणी स्वरूपाचा दंड होतो आणि फ्लोरिडात तो फौजदारी नसलेला वाहतूक नियमभंग मानला जातो. टेक्सासनेही 2017 मध्ये सिनेट बिल 312 द्वारे एक पाऊल टाकले. राज्याच्या परिवहन विभागाच्या स्वतःच्या टोल रस्त्यांसाठी विलंबशुल्क एका बिलामागे 6 डॉलर आणि वर्षाला 48 डॉलर इतके मर्यादित झाले, तर न्यायालयीन दंडावर बारा महिन्यांत एकूण 250 डॉलरची मर्यादा आली. पुढच्या वर्षी त्या विभागाने एक अब्ज डॉलरहून अधिक थकीत विलंबशुल्क माफ केले, यावरून आधीची आकारणी किती अवाजवी होती ते कळते. तथापि गुन्हा हा शब्द कायद्यात तसाच राहिला, आणि डॅलस किंवा ह्यूस्टन परिसरातील टोल संस्थांना ही मर्यादा लागू झाली नाही, कारण त्यांच्यासाठी संहितेत वेगळी प्रकरणे आहेत.

माझे मत स्पष्ट आहे: थकलेला टोल हे देणे आहे आणि ते देण्यासारखेच वसूल व्हावे. वसुलीचे साधन राज्याकडे आहेच. 2013 च्या दुरुस्तीनुसार एका वर्षात 100 किंवा अधिक टोल थकवणाऱ्याला, दोन नोटिसांनंतर, सराईत थकबाकीदार ठरवता येते आणि त्याच्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण रोखता येते. गाडीवाचून जिथे दूधही आणता येत नाही, तिथे एवढा धाक पुरेसा आहे.

तोपर्यंत घर बदलल्यावर राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे आणि टोलटॅगच्या खात्यात, दोन्हीकडे पत्ता बदला. गाडी विकल्यास तीस दिवसांच्या आत हस्तांतराची सूचना द्या आणि टॅग काढून घ्या, नाहीतर नव्या मालकाचे टोल तुमच्या नावावर चढतील. बिले साचलीच असतील तर स्वतःहून फोन करून हप्ते आणि शुल्कातील सवलत मागा. समन्स येण्याआधी केलेल्या विनंतीला बरेचदा यश येते.

टेक्सासचे विधिमंडळ विषम वर्षांत जानेवारीपासून 140 दिवस भरते. नागरिक नसलेल्या रहिवाशालाही आपल्या भागातील प्रतिनिधीला पत्र लिहिता येते आणि समितीच्या खुल्या सुनावणीत म्हणणे मांडता येते, म्हणून आपली बिले, पाकिटे आणि त्यांवरील तारखा जपून ठेवा.