पॅकेज अपग्रेड करताना स्वतः बदललेल्या कॉन्फिग फाइली कशा सांभाळाव्यात

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवरील सर्व्हर अपग्रेड करताना काम मध्येच थांबते आणि अमुक कॉन्फिग फाइल (प्रोग्रामच्या सेटिंग असलेली फाइल) बदलावी की आहे तीच ठेवावी, असा प्रश्न पडद्यावर येतो. डीपीकेजी, म्हणजे पॅकेजे बसवणारा प्रोग्राम, हा प्रश्न सरसकट विचारत नाही. पॅकेजबरोबर मूळ फाइल आली तेव्हाचा तिचा एमडी५ चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळख-अंक) नोंदवलेला असतो, आणि अपग्रेडच्या वेळी तो डिस्कवरील फाइलीशी व नव्या पॅकेजमधील फाइलीशी ताडून पाहिला जातो. तुम्ही फाइलीला हात लावला नसेल, तर नवी फाइल न विचारता बसते. बदल फक्त तुमचाच असेल, तर तुमची फाइल तशीच राहते. दोन्ही बाजूंनी बदल झाला असेल, तेव्हाच तुमचा निर्णय मागितला जातो.

अशा वेळी आधी ‘डी’ दाबून फरक वाचावा. नुसते एंटर दाबल्यास ‘एन’ हे उत्तर धरले जाते, म्हणजे तुमची फाइल राहते आणि नवी फाइल शेजारीच ‘डीपीकेजी-डिस्ट’ या शेपटासह ठेवली जाते. ‘वाय’ निवडल्यास नवी फाइल बसते व तुमची ‘डीपीकेजी-ओल्ड’ या शेपटासह उरते. दोन्ही उत्तरांत काहीच नष्ट होत नसल्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र ‘एन’ म्हटले की काम संपले, हा समज चुकीचा आहे. नव्या आवृत्तीतून एखादी सेटिंग काढून टाकलेली असेल, तर जुन्या फाइलीवर ती सेवा सुरूच होणार नाही, असेही घडू शकते.

म्हणून अपग्रेडपूर्वी कॉन्फिग फाइली जेथे असतात त्या ईटीसी डिरेक्टरीची प्रत काढावी. ईटीसीकीपर हे साधन बसवलेले असल्यास हे काम ते गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) आपोआप करते. अपग्रेडनंतर ही शेपटे असलेल्या फाइली ‘फाइंड’ या कमांडने शोधाव्यात (काही पॅकेजे कॉन्फिग फाइलींसाठी यूसीएफ हे वेगळे साधन वापरतात, तेथे शेपूट ‘यूसीएफ-डिस्ट’ असते), ‘विमडिफ’ या फरक दाखवणाऱ्या एडिटरमध्ये दोन्ही फाइली शेजारी उघडून हवे ते बदल जुळवावेत आणि सेवा रीस्टार्ट करण्यापूर्वी कॉन्फिग तपासून घ्यावे, एन्जिनएक्स (वेब सर्व्हर) आणि एसएसएचडी (दुरून लॉगिन करू देणारी एसएसएच सेवा) या दोन्हींसाठी ही सोय लहान लिपीतील ‘टी’ पर्यायात आहे. एसएसएचच्या बाबतीत नव्या सत्रातून लॉगिन होईपर्यंत चालू सत्र बंद करू नये.

अपग्रेड देखरेखीविना चालवायचे असल्यास डीपीकेजीला ‘फोर्स-कॉन्फडेफ’ व ‘फोर्स-कॉन्फओल्ड’ हे पर्याय एकत्र द्यावेत, म्हणजे प्रश्न न विचारता तुमची बदललेली फाइल राहते. ‘फोर्स-कॉन्फन्यू’ तुमचे बदल न विचारता बाजूला सारतो.

माझ्या मते, शक्य तेथे मूळ फाइलीला हातच न लावणे उत्तम. डेबियन ११ पासून एसएसएचडीची मूळ फाइल आरंभीच ‘एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी’ डिरेक्टरीतील फाइली वाचते, आणि बहुतेक सेटिंगांसाठी प्रथम सापडलेले मूल्यच ग्राह्य धरले जात असल्याने तेथे ठेवलेली तुमची छोटी फाइल मूळ फाइलीवर मात करते. प्रत्यक्षात कोणते मूल्य लागू झाले आहे, ते एसएसएचडीला मोठ्या लिपीतील ‘टी’ पर्याय देऊन पाहता येते.