रात्रीचं रॉकेट टिपायला निघायच्या आधी एवढं करून ठेवा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची सायंकाळ. आमच्या सिंदेवाही तालुक्यात त्या वेळेला जो कोणी अंगणात होता त्याला ते आठवतच असेल, आभाळातून जळत्या ठिणग्यांची रांगच्या रांग आडवी निघाली आन मग लाडबोरीत ती मोठी धातूची रिंग येऊन पडली, नंतर समजलं का तो चीनच्या रॉकेटचा तुकडा होता. माझा कॅमेरा घरात खुंटीला होता, हातात मोबाईल, त्यात जे आलं ते नुसतं हललेलं. तेव्हापासून मनात बसलं का येतानाचं रॉकेट हुकलं, आता जातानाचं टिपायचं, त्याच्या जाळाची पूर्ण कमान एकाच फोटोत. त्यापायी दोनदा श्रीहरिकोट्याला जाऊन आलो. आता आपल्याकडचे चार-पाच पोट्टे पुढच्या रात्रीच्या लाँचला संगं येतो म्हणतात आन रोज फोनवर तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एकाच जागी लिहून ठेवतो.

पहिलं म्हणजे तारीख नीट वाचा. हे लय साधं वाटते पण २०२२ मध्ये एलव्हीएम ३ रॉकेट वनवेब कंपनीचे ३६ उपग्रह घेऊन गेलं ती वेळ होती २३ ऑक्टोबर, रात्री १२ वाजून ७ मिनिटं, म्हणजे आपल्या हिशेबानं २२ तारखेची रात्र, धनतेरस होती त्या दिवशी. २३ ला सायंकाळी पोहोचू म्हणणारा माणूस रॉकेट गेल्यावर पोहोचला असता. वेळ ऐनवेळी सरकते पण, डिसेंबर २०२४ च्या स्पाडेक्सची, म्हणजे दोन उपग्रह अंतराळात एकमेकांना जोडायच्या इस्रोच्या मोहिमेची, आधी रात्री ९:५८ सांगितली होती, उड्डाण झालं १० वाजून १५ सेकंदांनी. म्हणून शेवटच्या दिवशीसुद्धा वेळ पुन्हा पाहायची आन ती पाटीवर लिहिल्यासारखी सगळ्यांच्या फोनमध्ये एकच असली पाहिजे.

तिकिटाचं सांगतो. आपल्याकडून सिंदेवाही किंवा मूलवरून बल्लारशा गाठायचं, तिथून चेन्नईकडची गाडी, मग गुडूरला उतरा नाहीतर सरळ चेन्नईला जाऊन तिथून लोकलनं सुल्लुरपेट्याला वापस या, श्रीहरिकोट्याचं जवळचं स्टेशन तेच. वापसीचं तिकीट मात्र दुसऱ्या दिवशी सकाळचं काढू नका. चांद्रयान २ आठवा, १५ जुलै २०१९ ला रात्री २:५१ ला उडणार होतं, ५६ मिनिटं बाकी असताना काउंटडाउन थांबवलं आन उडालं ते २२ जुलैला, तेही दुपारी २:४३ ला. म्हणजे रात्रीच्या फोटोसाठी गेलेल्या माणसाला ते रॉकेट दिवसाचंच मिळालं असतं. आठवडाभर तर कोणी थांबू शकत नाही पण एक-दोन दिवस हातात ठेवा, धान कापणीच्या ऐन दिवसांत तर घरी आधीच बोलून ठेवा, तिथे गेल्यावर फोनवर भांडण नको. संगतीत कोणी तेलुगू बोलणारा असला तर फार बरं पडते, बल्लारशाकडचा किंवा सिरोंच्याकडचा एखादा दोस्त पाहा, रात्री दीड वाजता ऑटोवाल्याशी बोलायची वेळ येते तेव्हा त्याची किंमत कळते.

उभं कुठे राहायचं ते आधीच ठरवा. इस्रोची प्रेक्षक गॅलरी २०१९ पासून आहे, तिथे जायला ऑनलाइन नोंदणी लागते, ती सुरू झाली का लवकर भरून जाते म्हणून सगळ्यांचं आधार एका फोनमध्ये तयार ठेवा, आन आत काय नेता येते त्याचे नियम नोंदणीच्या वेळीच वाचून घ्या, ट्रायपॉड घेऊन गेटवर वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरी जागा म्हणजे पुलिकत तलावाचा काठ. सुल्लुरपेट्याहून बेटावर जाणारा रस्ता या तलावातूनच जातो, हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी असतात, दिवसा वेळ असला तर तेही पाहून घ्या. फोटोच्या बाबतीत मला स्वतःला काठ जास्त आवडते, कारण एक तर रॉकेटपासून लांब असल्यानं पूर्ण कमान एका फोटोत मावते, आन दुसरं म्हणजे समोर पाणी असल्यानं त्या रेषेचं प्रतिबिंब मिळायची आशा राहते. लाँचच्या रात्री पोलीस जिथे थांबू नका म्हणतील तिथे थांबायचं नाही, म्हणून उजेडातच जाऊन दोन जागा पाहून ठेवायच्या.

आता खरी गोष्ट, जी मला पहिल्या फेरीला माहीत नव्हती. लाँग एक्सपोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून घेतलेला फोटो, म्हटलं का सगळे विचारतात शटर किती वेळ उघडं ठेवायचं. पण रॉकेटची रेषा किती उजळ येईल ते त्या वेळेवर ठरतच नाही. रॉकेट पुढे सरकत राहते, सेन्सरच्या एका ठिपक्यावर त्याचा जाळ क्षणभरच पडते आन पुढे जाते, मग तुम्ही शटर एक मिनिट ठेवा का तीन मिनिटं, त्या ठिपक्याला तेवढाच उजेड मिळणार. रेषेचा उजेड ठरते अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) आन आयएसओवर (सेन्सर उजेडाला किती तेज धरते तो आकडा). वेळेवर काय ठरते, तर आभाळ, पाणी, झाडं, गावाचे लाईट, म्हणजे जे जागचं हलत नाही ते. हे एकदा डोक्यात बसलं का बाकी सगळं सोपं होते. रेषा पांढरीफट येऊन फाटली तर अ‍ॅपर्चर बारीक करा, आभाळ जास्त उजळलं तर वेळ कमी करा.

याची प्रॅक्टिस गावातच होते. घराच्या स्लॅबवर ट्रायपॉड लावा, दोस्ताला मोटरसायकल घेऊन डांबरी रोडनं एकाच स्पीडनं जायला सांगा, एकदा ३० सेकंदांचा फोटो घ्या, मग त्याच सेटिंगवर दोन मिनिटांचा. हेडलाईटची रेषा दोन्हीत सारखीच येईल, बाकीचं गाव मात्र दुसऱ्यात दिवसासारखं दिसेल. दिवाळीत तर रॉकेटच उडवा, खरं रॉकेट त्याच्याहून किती तरी तेज असते पण हात कुठे अडते ते समजते. पण एक सांगतो आन हे मनावर घ्या, प्रॅक्टिससाठी रात्री घोडाझरीच्या पाळीवर किंवा जंगलाला लागून असलेल्या धुऱ्यावर जायचं नाही. आपल्याकडे वाघ आहे, अस्वल आहे, अंधारात ट्रायपॉडमागे चुपचाप बसलेला माणूस म्हणजे काय धोका असते ते तुम्हाला सांगायला नको. स्लॅब बरा.

सामानात कॅमेरा कोणताही चालते, फक्त त्यात बल्ब मोड पाहिजे, म्हणजे बटन दाबून ठेवलं तेवढा वेळ शटर उघडं राहते. आन लॉक होणारं वायरचं रिमोट पाहिजे, बोटानं तीन मिनिटं बटन दाबून ठेवलं तर फोटो हललाच समजा. किटचा १८-५५ लेन्स पुरते, नवीन लेन्ससाठी कर्ज काढू नका. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १८ एमएम उभा धरला का खालून वर साधारण ६५ अंश आभाळ येते, काठावरून तेवढ्यात काम होते. गॅलरीत असाल तर रॉकेट फार वर जाते, तिथे १०-१२ एमएम मिळाला तर बरं, लग्नाचं काम करणाऱ्या एखाद्या दोस्ताकडून दोन दिवसांसाठी मागून घ्या. लेन्सवर यूव्ही फिल्टर असला तर काढून ठेवा, जाळाचा उलटा ठिपका फोटोत दुसरीकडेच उमटते. ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांनीही यावं, बऱ्याच फोनच्या प्रो मोडमध्ये ३० सेकंदांपर्यंत शटर मिळते, ट्रायपॉडला क्लिप लावून एकामागून एक फोटो घ्यायचे आन घरी येऊन लाईटन मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक जागी जास्त उजळ ठिपकाच राहील असे, एकावर एक चढवायचे, जोडाच्या जागी रेषेत बारीक फट दिसते पण कमान येते. बॅटऱ्या दोन, कार्ड रिकामं, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद म्हणजे डोळ्यांना अंधाराची सवय टिकते, काळा पुठ्ठा एक वहीएवढा, लेन्स पुसायला जुनं मऊ सुती कापड, काळा चिकटटेप, मच्छरांचं मलम, ओळखपत्र. खायला तिखट पुऱ्या आन जवसाची चटणी, दोन दिवस टिकते. पाणी जास्त घ्या, आपण इथून थंडीत स्वेटर घालून निघतो आन तिकडे डिसेंबरातही दमट घाम असते. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीच्या वाऱ्याचा पाऊस राहते हेही लक्षात असू द्या, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पन्नी पाहिजेच. ड्रोन घरी ठेवा, तिथे चालत नाही.

भिंतीवरचं कॅलेंडर पाहून चंद्रही बघून ठेवा. स्पाडेक्स उडालं ती ३० डिसेंबर २०२४ ची रात्र म्हणजे सोमवती अमावस्या होती, आभाळ काळंभोर, तीन मिनिटं शटर उघडं ठेवायला काहीच भीती नव्हती. पौर्णिमेच्या आसपास असलं तर तेवढ्या वेळात आभाळ निळंपांढरं होऊन जाईल, तेव्हा वेळ कमी करावी लागेल.

मेनूतली एक गोष्ट घरूनच बंद करून निघा, लाँग एक्सपोजर नॉईज रिडक्शन, म्हणजे फोटोतले दाणे (नॉईज) काढणारी सोय. २०२२ ला माझ्याकडून ही चालूच राहिली. उड्डाणाच्या थोडं आधी म्हटलं एक तीन मिनिटांची टेस्ट घेऊ, ती झाली आन कॅमेरा स्वतःच पुढची तीन मिनिटं बंद, कारण तो जेवढा वेळ फोटो घेते तेवढाच वेळ नॉईज काढायला घेते. त्याच तीन मिनिटांत रॉकेट गेलं. पूर्ण काठ पिवळ्या उजेडानं भरला होता आन माझ्यासमोर स्क्रीनवर नुसतं थांबा असं लिहिलेलं. पुढची फेरी दोन वर्षांनी जमली. म्हणून ते बंद, स्टेबिलायझेशन (हात हलला तर सावरणारं) बंद, ऑटो फोकस बंद, फोटो रॉमध्ये (सेन्सरवर आला तसाच्या तसा), आन शेवटच्या अर्ध्या तासात टेस्ट घ्यायची नाही म्हणजे नाही.

जागेवर दोन तास आधी पोहोचा. काठाची माती म्हणजे रोवणीच्या बांधीसारखी, ट्रायपॉडचा पाय हळूहळू खाली जाते आन तीन मिनिटांत तेवढ्यानंच फोटो बिघडते, पायाखाली फरशीचे किंवा लाकडाचे तुकडे ठेवा. समुद्राकडून वारा असते, मधला दांडा वर काढू नका, बॅग खाली लटकवा पण जमिनीला टेकेल अशी. फोकस दूरच्या एखाद्या लाईटवर लाईव्ह व्ह्यू मोठा करून हातानं लावायचा, लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा नाही, लागला का रिंगवर चिकटटेप मारून टाका. आन ओल. तिथली हवा इतकी ओली का उघड्या काचेवर वीस मिनिटांत धुकं बसते, तेव्हा शेवटपर्यंत झाकण ठेवा, गाडीच्या एसीतून आणलेला कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्या, आन दर दहा मिनिटांनी टॉर्च आडवा धरून काच पाहत जा.

फ्रेम लावताना रॉकेट कुठे वळते ते माहीत पाहिजे. ध्रुवीय कक्षेकडे, म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुवांवरून फिरायला, जाणारं असलं तर आग्नेयेकडे वळते, म्हणजे पश्चिम काठावर उभ्या माणसाला ते उजवीकडे झुकताना दिसते, म्हणून रेषेची सुरुवात फ्रेमच्या डाव्या बाजूला ठेवा आन उजवीकडे जागा सोडा. स्पाडेक्सही तिकडेच गेलं. जीएसएलव्हीसारखं पूर्वेकडे जाणारं असलं तर ते आपल्यापासून सरळ दूर जाते, कमान अरुंद येते, तेव्हा मधात ठेवा. वर जागा तुम्हाला वाटते त्याच्या दीडपट सोडा, माणसाचा अंदाज इथे नेहमी कमी पडते.

सेटिंग माझी अशी, काठावरून आयएसओ १००, एफ ११ (एफचा आकडा मोठा तेवढं भोक बारीक). गॅलरीतून एफ १६ च्या वर. चेन्नईच्या गच्चीवरून वगैरे घेणार असाल तर एफ ५.६ पर्यंत उघडा. पहिला टप्पा घन इंधनाचा, त्याचा जाळ फार तेज, आन धूर त्यानंच उजळते, सगळ्यात आधी तोच भाग फाटते. इथे काळा पुठ्ठा कामी येते, जाळ पेटल्याबरोबर लेन्सच्या समोर खालच्या अर्ध्या भागावर दोन-तीन सेकंद धरायचा, हलका हलवत, लेन्सला न टेकवता. जमत नसेल तर करू नका, ट्रायपॉडला धक्का लागण्यापेक्षा जळालेला धूर परवडते.

काउंटडाउनला यूट्यूबवर भरवसा ठेवू नका, लाईव्ह कित्येक सेकंद मागे असते, फोनच्या घड्याळावर चाला आन वेळेच्या पाच सेकंद आधी शटर उघडून रिमोट लॉक करा. मग हात काढून घ्या. पीएसएलव्ही रॉकेटचा पहिला टप्पा साधारण पावणेदोन-दोन मिनिटांत संपते, तिथे रेषा एकदम बारीक होते, लोक टाळ्या वाजवून शटर बंद करतात, तुम्ही करू नका, दुसऱ्या टप्प्याची ती मंद लालसर रेषा आणखी मिनिटभर येऊ द्या, कमान तिच्यामुळे पूर्ण वाटते. आवाजाची वाट पाहा, विजेसारखाच हिशेब, एक किलोमीटरला तीन सेकंद, सुल्लुरपेट्याच्या बाजूला तो यायला मिनिटभर लागते आन येते तेव्हा छातीत भरते. त्या वेळेला ट्रायपॉडजवळ कोणी उड्या मारायच्या नाहीत, हे मी संगतीच्या पोट्ट्यांना आधीच सांगून ठेवतो. शटर तीन मिनिटांनी बंद केलं का स्क्रीन पाहत बसू नका, लगेच दुसरा ३० सेकंदांचा फोटो घ्या, धूर वाऱ्यानं वाकडातिकडा होत असते तो फार सुंदर येते.

वापस येताना तासभर तिथेच बसा, गर्दी जाऊ द्या, पुऱ्या खा, कार्ड काढून वेगळ्या डबीत ठेवा आन फोटो घरी पोहोचायच्या आधीच दुसऱ्या फोनमध्ये कॉपी करा. माझ्याकडे एक ट्रायपॉड आन एक रिमोट जास्तीचं आहे, रिमोट निकॉनलाच लागते, ज्याला पाहिजे त्यानं नोंदणी सुरू व्हायच्या आधी सांगावं, आन पुढच्या रविवारी सायंकाळी सात वाजता मोटरसायकलवाल्या प्रॅक्टिसला माझ्या स्लॅबवर या.